खिशात मावेल अशी लेन्स

४ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस, मग मी चिडते, आणि शेवटी आपण दोघं हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवून देतो. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही, हा एक फायदा.

काम आहे म्हणून लिहिते. मला एक वाइड लेन्स हवी आहे. बाबांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला बसणारी आणि आकाराने छोटी. कॅमेऱ्यासकट कोटाच्या खिशात गेली पाहिजे. पस्तीस मिलिमीटरची घ्यावी, अठ्ठावीसची घ्यावी की त्याहूनही रुंद, हे मला ठरवता येत नाही. मी फ्रेमा करणारी बाई. फोटो छापून झाला की माझं काम सुरू होतं. त्याच्या आधी काय होतं ते तुला आणि बाबांना माहीत. तू दिवसभर जुन्या लेन्स खोलतोस, पुसतोस आणि परत बसवतोस, तेव्हा तुला विचारल्याशिवाय घेणं म्हणजे घरात वैद्य असताना बाजारात औषध शोधण्यासारखं.

लेन्स माझ्यासाठीच आहे. दुकानात नवीन काम घ्यायचा विचार चाललाय, लोकांच्या घरातल्या खोल्यांचे फोटो काढून देण्याचा. खोल्या लहान असतात, मागे सरकावं तर पाठ भिंतीला टेकते, आणि बाबांची नेहमीची पन्नासची लेन्स लावली तर अर्धी खाट नि एक उशी एवढंच येतं. म्हणून वाइड.

बाबा बरे आहेत. कॅमेरा सध्या कपाटातच असतो.

ज्या गोष्टीवरून तू घर सोडलंस तिच्याबद्दल मी काही विचारत नाही, तूही काही लिहू नकोस. नुसतं लेन्सचं लिही. तुझे भावोजी आठवण काढतात, म्हणजे त्यांचा पत्त्यांचा डाव चौथ्या माणसावाचून अडतो.

तुझी
ताई


१८ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. इतकं मोठं कार्ड आणि त्यावर तीन ओळी. 'खोल्यांचे फोटो काढायचे तर रेंजफाइंडर कशाला? साधा डिजिटल घे. लेन्स कुणासाठी आहे?' लहानपणीही तू असाच होतास. मी चांगला अर्धा तास गोष्ट रचून सांगायची आणि तू शेवटी एकच प्रश्न विचारून मला तोंडावर पाडायचास.

लेन्स बाबांसाठी आहे.

त्यांचे डोळे गेलेत. आंधळे झालेले नाहीत, चालतात, फिरतात, भिंतीवरून घड्याळ काढून साफ करून परत लावतात. पण डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. कडेचं सगळं दिसतं, बरोब्बर समोरचं दिसत नाही. तिथे एक करडा डाग. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानामागच्या कॅलेंडरकडे बघतात, तेव्हा कुठे मी त्यांना दिसते. आधी मला वाटायचं, म्हातारपणी तिरसट झालेत, तोंडाकडेसुद्धा बघत नाहीत.

आता तूच सांग, त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत फोकस कुठे असतो? बरोब्बर मधे. मधल्या उजळ चौकोनात माणसाची दोन चित्रं दिसतात, लेन्सचं कडं फिरवत ती एकावर एक आणायची, नीट बसली की बटण दाबायचं. हे तुला सांगायला नको, मी मलाच समजावून सांगतेय. सगळी खिडकी त्यांना दिसते, तो चौकोन तेवढा दिसत नाही. डागाने जागा शोधली ती नेमकी तीच. इथेच घोडं पेंड खातंय.

डॉक्टरीणबाईंकडून आलो त्या दिवसापासून त्यांनी कॅमेरा हातात धरलेला नाही. आधी कसे असायचे ते आठवतंय ना? सकाळी कोट चढवून बाहेर. कुणी दुकानाचं शटर उघडताना, कुणी सायकल पुसताना, कुणी कपडे वाळत घालताना, काढला फोटो. आता दुकानातल्या खुर्चीत बसून असतात. गिऱ्हाईक आलं की उठून आत जातात. जेवण चार घास. परवा शेजारच्या दुकानातले शिंपीमामा त्यांना फिरायला न्यायला आले, तर म्हणाले, बघण्यासारखं काय राहिलंय बाहेर. मला भीती वाटते धाकट्या. हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही. कॅमेरा परत त्यांच्या हातात गेला तर उठेल. दुसरं काही मला सुचत नाही.

वाइड लेन्सचं डोक्यात आलं ते त्यांच्याच जुन्या बोलण्यावरून. वाइडवाल्यांची ते किती टिंगल करायचे. 'अंतर दोन पावलांवर लावून ठेवलं की सगळंच बरं येतं, त्यात कसलं आलंय कसब.' तर मला नेमकं तेच हवंय. ज्यात कसब लागणार नाही, मधल्या चौकोनात बघावं लागणार नाही, अशी लेन्स. कडं चाचपून फिरवायचं आणि दाबायचं.

आता न लिहिण्यासारखं लिहिते. त्या लग्नाचे सगळे फोटो धूसर आले, रंगाच्या दुकानवाले वधूचे वडील स्टुडिओत येऊन ओरडले, आणि बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्याकडे बोट दाखवलं. 'या पोराने आठवड्यापूर्वी कॅमेरा उघडला आणि फोकस बिघडवून ठेवला.' तू एक अवाक्षर बोलला नाहीस आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस. ते मी विसरलेली नाही आणि तू विसरावंस असंही म्हणत नाही. पण लेन्स निवडून दे. तुझं नाव मी घेणार नाही. घेतलं तर ते डब्याचं झाकणही उघडायचे नाहीत.

ताई


५ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

दोन पानी पत्र मिळालं. दोन्ही पानं लेन्सने भरलेली, बाबांबद्दल एक शब्द नाही. बरं. मी सांगितलं होतं नुसतं लेन्सचं लिही, म्हणून तू आज्ञाधारक. इतर वेळी कुठे जातो हा आज्ञाधारकपणा?

तू ती जाडी अठ्ठावीस सुचवलीस. कमी उजेडातही चालते, घरात दिवा लावला की पुरे. तुझं म्हणणं मला पटलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या कॅमेरावाल्याकडे तशीच एक होती, ती मी दोन दिवसांसाठी मागून आणली. कॅमेऱ्याला बसवली आणि बाबांच्या समोरच्या टेबलावर ठेवून मी काच कापायला लागले. बघतही नव्हते त्यांच्याकडे. म्हणजे बघत होते, पण काचेतून.

बराच वेळ गेला. मग त्यांनी कॅमेरा उचलला. महिन्याभरात पहिल्यांदा. हातात तोलला आणि म्हणाले, हा काय डबा लावून ठेवलास. तरी डोळ्याला लावला. दाराकडे वळले, खिडकीकडे वळले, माझ्याकडे वळले आणि कॅमेरा खाली ठेवला.

'उजवीकडचा खालचा कोपरा या डब्याने खाल्लाय,' ते म्हणाले. 'मला तेवढेच कोपरे दिसतात, त्यातला एक हा खाणार.'

धाकट्या, डोळ्यांबद्दल ते स्वतःहून बोलले ते हे पहिलंच वाक्य. मी काच कापायची हिरकणी बाजूला ठेवली. पण पुढे काही नाही, परत खुर्ची.

तेव्हा जाडी बाद. कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर लेन्स येते आणि आपण बघतोय त्याचाच एक तुकडा झाकून टाकते, हे तुझ्यासारख्या कारागिराच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल वाटलं. तू लेन्स टेबलावर बघतोस, डोळ्याला लावून रस्त्यात उभा राहत नाहीस. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच होतं. राग मानू नकोस, पण थोडा मान.

सगळ्यात रुंद, एकवीसची, तीही त्या कॅमेरावाल्याने दाखवली. तिने काढलेला नमुन्याचा फोटो होता. मधली माणसं ठीक, पण कडेला उभ्या असलेल्या कुणाच्या मावशीचं डोकं भोपळ्यासारखं ताणलेलं. बाबांना कडेचंच दिसतं, आणि कडेलाच भोपळे. तीही बाद. पस्तीस बरी आहे, पण कॅमेरावाला म्हणतो तिच्यात अंतर जरा जपून लावावं लागतं, चुकीला माफी कमी. म्हणजे राहिली ती बारकी अठ्ठावीस, जी तू शेवटच्या ओळीत उगीच घातल्यासारखी घातली आहेस. 'अंधारात कमी पडेल, पण बाटलीच्या झाकणाएवढी आहे. खाली बोटाने फिरवायची दांडी आहे.' अरे, हेच तर हवं होतं. बाबा अंधारात कशाला काढतील फोटो? ते दिवसाचे माणूस.

पण त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत अठ्ठावीसची चौकट दिसत नाही, असं तूच लिहिलंस. वरती वेगळी छोटी खिडकी बसवावी लागेल म्हणतोस. तिच्यात मधला चौकोन असतो का? नसेल तर उत्तमच. नुसती काच आणि कडेने चौकट. एवढं कळव.

आणखी एक गोष्ट केली, ती सांगू की नको याचा दोन दिवस विचार केला. बाबांच्या जुन्या पन्नासच्या लेन्सवर मी एक रोल काढला. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवली, मधला चौकोन एकेका आकड्यावर नीट जुळवला, आणि जवळून, लांबून, सगळीकडून फोटो घेतले. गल्लीच्या टोकाच्या लॅबमधून धुऊन आणले. ज्या आकड्यावर जुळवलं तोच आकडा काळा कुळकुळीत, एकही इकडे तिकडे नाही. तू त्या लग्नाआधी लावून ठेवलेला फोकस अजून केसभरही हललेला नाही. त्यानंतर तो कॅमेरा कुणी उघडलेला नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणजे तुझ्या हाताचा दोष नव्हता. मला हे तेव्हाच करून बघता आलं असतं. पण तेव्हा घरात इतका आरडाओरडा चालला होता की मोजपट्टी कुणाला सुचणार. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. त्यांची तब्येत बघता सांगवत नाही. तुला मात्र कळायला हवं असं वाटलं.

ताई


२२ ऑक्टोबर

गाढवा,

पार्सल मिळालं आणि पत्रही. आधी पत्राचं बोलते, कारण लेन्सचं बोलायला आत्ता हात चालत नाही.

'ताई, मला तेव्हाच कळलं होतं.' म्हणजे? इतकी वर्षं तू हे पोटात घालून बसलास? तू लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं. बिघडलेला कॅमेरा नेहमी एकाच बाजूला चुकतो. प्रत्येक फोटोत फोकस पुढे तरी पडतो नाहीतर मागे तरी. त्या लग्नाच्या फोटोंत तसं नव्हतं. काहींत माणसं धूसर आणि मागचे पडदे कापून काढल्यासारखे स्वच्छ, काहींत पुढच्या टेबलावरचे पेले स्वच्छ आणि माणसं धूसर. दोन्हीकडे चुकतो तो डोळा.

मी ते फोटो माळ्यावरून काढून बघितले. तसंच आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

आणि तू का बोलला नाहीस याचं उत्तर तू दोन ओळींत दिलंस. 'फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाला चारचौघांत सांगायचं, तुमचे डोळे गेले? कॅमेरा बिघडला हेच बरं होतं. कॅमेरा दुरुस्त होतो.'

तुझा राग येतो आणि तुझ्या पाठीवर हात फिरवावासाही वाटतो. तू म्हणतोस बाबांना यातलं काही सांगू नको. आता मी तुझ्यापासून काय लपवलं ते ऐक.

डॉक्टरीणबाईंकडे बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. हे कधीपासून आहे? त्या म्हणाल्या, हळूहळू वाढणारी गोष्ट आहे, बरीच वर्षं झाली असतील, तुम्ही सवयीने निभावून नेत असाल. बाबा 'बरं' म्हणाले. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. माणसं वर-खाली जात होती, त्यांना वळसा घालून. मी म्हटलं बाबा, चक्कर येतेय का, तर म्हणाले, त्या लग्नाच्या वेळी पडदे मला फार सुंदर दिसत होते. एवढंच. मी समजून न समजल्यासारखं केलं. त्या दिवसापासून कॅमेरा बंद. मी तुला लिहिलं डोळ्यांमुळे बंद आहे, आणि मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. खरं म्हणजे लाज वाटून बंद आहे. म्हणजे तू त्यांच्यापासून लपवतोस, ते माझ्यापासून लपवतात, आणि मी मधे बसून दोघांना लेन्स निवडून देतेय. सगळं घर शहाणं.

आता लेन्स. दिसायला इतकी गोंडस आहे की मीच हातातून खाली ठेवेना. खालची दांडी बोटाला बरोब्बर सापडते. कड्यावर दोन पावलांच्या खुणेशी तू लाखेचा बारीक ठिपका लावलायस, तोही सापडला. डोळे मिटून फिरवलं तरी कळतं. वरच्या छोट्या खिडकीतून सगळी खोली एका घासात दिसते. आणि त्या खिडकीत मधे काहीच नाही.

दुपारी बाबांना दिली. डबी उघडली, लेन्स तळहातावर ठेवली, दांडी इकडून तिकडे फिरवली. एकदा, दोनदा. बोट त्या ठिपक्यावर थांबलं. कुणी पाठवली, विचारलं. मी म्हटलं, मागवली एका दुकानातून. ताकास तूर लागू दिली नाही, निदान माझी तशी समजूत.

'छान आहे,' ते म्हणाले. मग उठले, डबी कपाटात कॅमेऱ्याशेजारी ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

तेव्हा तुझी लेन्स कपाटात आहे आणि बाबा खुर्चीत. लेन्सने होणारं काम नव्हतं हे. मला कळत होतं, पण कळून काय करणार होते? पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर लिही, आणि या खेपेला नुसतं लेन्सचं लिहू नकोस.

ताई


१२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं उत्तर यायच्या आत मी तुझा शब्द मोडला. शिव्या दे, पण आधी पूर्ण वाच.

रविवारी दुकान बंद होतं. मी फ्रेमांना पॉलिश करत होते, बाबा खुर्चीत. मधेच म्हणाले, दुकानवाला लाखेचा ठिपका लावून देत नाही. मी पॉलिशचा बोळा घासत राहिले. ते म्हणाले, पत्र आलं असेल त्याच्याबरोबर, वाच. मी म्हटलं त्यात तुमच्यासाठी काही नाही. म्हणाले, मला माहीत आहे, म्हणूनच वाच.

वाचलं. हात पॉलिशचे, कागदावर डाग पडले, माफ कर. सगळं वाचलं, बाबांना सांगू नको म्हणून लिहिलंस तेसुद्धा. 'कॅमेरा दुरुस्त होतो' हे वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. मग आत गेले आणि मोरीचा नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कोट घालून तयार. कॅमेरा खिशात, त्यावर तुझी लेन्स. खिसा फुगलेलासुद्धा नव्हता. म्हणाले, शिंपीमामांना बोलाव. मी विचारलं कशाला. म्हणाले, तेव्हा तो तिथे होता, आताही असायला हवा.

'चारचौघांत बोललो ते चारचौघांतच परत घ्यायला हवं,' ते म्हणाले. 'घरात बसून तुला सांगितलं तर त्याची किंमत काय?'

तर आम्ही तिघं निघालो, रंगाच्या दुकानवाल्यांच्या घरी. बाबा माझ्या दंडाला धरून, शिंपीमामा गळ्यात टेप तशीच ठेवून. वाटेत शिंपीमामांनी मला हळूच विचारलं, मी तिथे काय बोलायचं? मी म्हटलं काही नाही, तुम्ही साक्षीदार. ते म्हणाले, मग बटणं लावायचं काम आणलं असतं बरोबर.

रंगाचे दुकानवाले आता जाडजूड झालेत, गुडघ्याला पट्टा बांधून सोफ्यावर बसले होते. त्यांनी बाबांना ओळखलंसुद्धा नाही आधी. त्यांची मुलगी, जिचं लग्न होतं तीच, चार दिवस माहेरी आली होती. कडेवर लहानगी लेक. आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि आम्ही का आलो ते कळायची सगळे वाट बघत राहिले. बाबा बसले नाहीत. सोफ्यामागच्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे दुकानवाले त्यांना दिसावेत. दुकानवाले मात्र मान वळवून खिडकीत काय आहे ते शोधत होते.

बाबा म्हणाले, 'तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो खराब आले. मी माझ्या मुलाचं नाव घेतलं होतं. त्याने काही केलं नव्हतं. मला दिसत नव्हतं. तेव्हापासून दिसत नव्हतं.'

दुकानवाले म्हणाले, अहो, कुठले फोटो, किती वर्षं झाली त्याला, बसा तुम्ही आधी. त्यांच्या लेखी ती गोष्ट कधीच संपली होती. ज्या ओरडण्यावरून आपलं घर फुटलं ते त्यांना आठवतही नव्हतं. मुलगी म्हणाली की ते फोटो तिने अल्बमात लावलेत, तिच्या सासूबाईंना तर आवडतात, कारण त्यात सुरकुत्या दिसत नाहीत. मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही दाबलं.

बाबा मात्र हलेनात. म्हणाले, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणालो? दुकानवाले जरा गोंधळून 'ऐकलं' म्हणाले. मग बाबांनी शिंपीमामांकडे मान वळवली. शिंपीमामा उभे राहिले, टेप सारखी केली आणि म्हणाले, 'मी तेव्हाही ऐकलं होतं. आता हेही ऐकलं.' कोर्टात असल्यासारखं.

तेव्हा कुठे बाबा बसले. थोड्या वेळाने मुलीनेच म्हटलं, काका, कॅमेरा आणलाय तर एक काढा ना, आमच्या हिचा तुमच्या हातचा फोटो नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानामागच्या भिंतीकडे. त्यांनी कॅमेरा काढला, दांडी चाचपली, ठिपका शोधला, वरची खिडकी डोळ्याला लावली आणि पुढे सरकले. आणखी पुढे. दोन पावलांवर येऊन थांबले, तर ती लहानगी लेन्सला हात लावायला बघत होती. शटर वाजलं. मग शिंपीमामांना म्हणाले, तूही जा तिकडे, आणि आणखी एक काढला.

घरी येताना त्यांनी माझा दंड सोडला आणि दोन फोटो काढले. एक कुलूपवाल्याचा, एक कशाचा ते मला कळलं नाही. रात्री पोटभर जेवले.

ताई


२ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

सोबत फोटो पाठवते आहे. मी फ्रेम केलेली नाही, फ्रेम इथे आल्यावर करू.

मी खोटं कौतुक करणार नाही. खोली जरा तिरकी आहे, शिंपीमामा अर्धे कापले गेलेत आणि दुकानवाल्यांचा गुडघा फार मोठा आलाय. पण पुढे केलेल्या त्या इवल्या हातापासून मागच्या पडद्यापर्यंत सगळं स्वच्छ. बाबांना मी नखाने दाखवलं, कुठे काय आहे ते. फोटो डोळ्याच्या कडेला धरून त्यांनी खूप वेळ बघितला. कोपऱ्यांत जरा अंधार येतो म्हणाले, बारक्या लेन्सना असतोच तो दोष, त्याला माहीत असेल. लेन्सची खोड काढली म्हणजे त्यांना ती आवडली, हे तुला माहीत आहे. आता रोज सकाळी बाहेर जातात. परवा दुधवाल्याला उन्हात उभा करून ठेवला होता, दूध नासायला आलं.

मग म्हणाले, पेन घे, त्याला लिही. मी सांगतो तसं लिही, तुझं काही घालू नको.

पहिली ओळ सांगितली: 'त्या फोटोंत चूक माझ्या डोळ्यांची होती.' मी लिहिली. वाचून दाखव म्हणाले, वाचली. मी पेन धरून बसलेली, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. मग म्हणाले, खोड ते, सगळंच खोड आणि नवीन लिही. तर हे नवीन, त्यांच्याच शब्दांत:

'डोळे कुणाचेही जातात, ती काही चूक नव्हे. तुझ्याकडे बोट दाखवलं ती चूक. तेव्हा समोरचं मला धूसर दिसत होतं असं मी आता कुणालाही सांगू शकतो, पण तुझा चेहरा मला त्या दिवशी चांगला दिसला होता. तो दिसत असतानाही मी पुढे बोललो. आता तो दिसणार नाही. तरी ये. आलास की समोर उभा राहू नकोस, जरा बाजूला राहा, म्हणजे मला दिसशील.'

एवढंच. मी काही घातलेलं नाही.

ताई